मेजर रॅडफर्डनी मोडलेली रीत

मेजर ॲम्ब्रोज रॅडफर्ड यांची टोपी त्यांच्या तलवारीपेक्षा जास्त झिजली होती. अख्ख्या परगण्यात कोणीही समोरून आलं की टोपी वर. शेजारचा जमीनदार असो, गिरणीवाला असो, नाहीतर मागच्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध बोंबलत फिरलेला माणूस असो, मेजर घोड्यावरून उतरायचे, कमरेत वाकायचे आणि त्याच्या घरच्या कोंबड्यांपर्यंत सगळ्यांची विचारपूस करायचे. तोवर घोडा पेंगायला लागायचा. घोड्याचा लगाम धरून शेजारी मिंगो उभा असायचा.

मिंगो मेजरांचा गुलाम. दोघं एकाच मळ्यावर जन्मले, एकाच नदीत पोहायला शिकले. मेजर मोठे झाल्यावर तंबाखूच्या मळ्याचे मालक झाले आणि मिंगो त्यांच्या होडीवरचा तांडेल झाला. तंबाखूची पिंपं लादलेली लांबलचक होडी बांबूनं रेटत ॲपोमॅटॉक्स नदीतून पीटर्सबर्गपर्यंत न्यायची, हे त्याचं काम. कवायतीच्या आणि कोर्टाच्या दिवशी मात्र मेजरांना घोड्यापाशी मिंगोच लागायचा. दुसरा कोणी चालत नसे.

मेजर माणूस चांगला होता, आणि हे मी उगाच म्हणत नाही. दुष्काळाच्या साली मक्याची कोठारं कुलूप न लावता उघडी ठेवणारा जमीनदार आमच्याकडे हा एकच. विधानसभेत दोनदा गेले, तेव्हा भाषणं कसली, नुसते घाम पुसत उभे राहिले. पण नदीतले खडक फोडून होड्यांना वाट करून देण्याचा कायदा मंजूर करून आणला. गावच्या पलटणीला स्वतःच्या पदरची दारू पुरवायचे. दोन्ही प्रकारची. अशा माणसाला नावं ठेवायची म्हणजे आपलीच जीभ विटाळायची. तरी एक गोष्ट होती, आणि ती मिंगोशिवाय कोणाला टोचत नव्हती.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, गिल्फर्डच्या लढाईत, मेजर अगदीच पोरसवदा होते. मांडीत गोळी लागली. सोबतचे पळाले, आणि मिंगोनं त्यांना पाठीवर टाकून जंगलातून बाहेर काढलं. वाटेत मेजर अर्धवट शुद्धीत म्हणाले, "मिंगो, मी जगलो तर तू मोकळा. सभ्य माणसाचा शब्द आहे."

जगले. मग वडील गेले, मग लग्न झालं, मग तंबाखूला कीड लागली, मग नवीन कोठार बांधायचं होतं. दरवर्षी काहीतरी निघायचंच. तीस वर्षं गेली. आणि राग येतो तो ह्याचा, की मेजर विसरले नव्हते. दर वसंतात पलटणीची कवायत झाली की मैदानातल्या ओकच्या झाडाखाली बसून ते ही लढाई सांगायचे, आणि शेवटी आवाज खाली आणून तो शब्दसुद्धा सांगायचे. ऐकणारे गहिवरायचे. एखादा नाक शिंकरायचा. मिंगो घोडा धरून तिथंच उभा असायचा आणि स्वतःच्या मुक्तीची गोष्ट पुन्हा एकदा ऐकायचा. फार छान सांगायचे मेजर, हे तोही कबूल करायचा.

एका वसंतात मात्र गंमत झाली. पलटणीत नवाच आलेला एक सुतार होता, डोंगरापलीकडचा, आमच्या रीतीभातींशी देणंघेणं नसलेला. गोष्ट संपली, माणसं गहिवरली, आणि हा मक्याच्या भाकरीचा तुकडा चघळत म्हणाला, "मग सोडलंत की नाही त्याला?"

मेजर आधी पांढरे पडले, मग लाल झाले. त्यांनी वळून मिंगोकडे पाहिलं, आणि मिंगोनं पहिल्यांदाच नजर खाली घातली नाही.

"ढोल इकडे आणा," मेजर म्हणाले.

ढोल आडवा ठेवून त्यावर कागद पसरला आणि मेजरांनी सगळ्या पलटणीदेखत मिंगोचं मुक्तिपत्र लिहिलं. टोप्या उडाल्या, बंदुकांचे बार झाले. सुताराला वाटलं आता आपल्याला मार बसणार, तर मेजरांनी त्याला वाकून नमस्कार केला. पुढच्याच कोर्टाच्या दिवशी दस्त नोंदवायला गेले, तेव्हा तिथला कारकून कान खाजवत म्हणाला, "मेजरसाहेब, कायदा आपल्या ध्यानात असेलच. मोकळा केलेल्या गुलामानं वर्षाच्या आत व्हर्जिनिया सोडायची. नाही सोडली तर त्याला पकडून पुन्हा विकतात."

मेजरांच्या ध्यानात नव्हतं. विधानसभेत बसलेला माणूस, पण मानाची गोष्ट समोर आली की त्यांना दुसरं काही सुचायचं नाही.

मिंगोची बायको फीबी शेजारच्या मळ्यावर स्वयंपाकीण होती, तिथले जमीनदार स्क्वायर हॉरेशो ग्रिग्ज यांच्या मालकीची. ग्रिग्ज तिला सोडायला तयार नव्हते. तिच्या हातच्या माशांवर त्यांचा जीव होता. म्हणजे मिंगो राहिला तर गुलामी, गेला तर बायको कायमची तुटली. तीस वर्षं वाट पाहून हातात आलं ते हे.

"चांगला मोकळा केला हो तुला," फीबी म्हणाली. शनिवारच्या रात्री मिंगो तिच्याकडे जायचा, तसा गेला होता. "माझ्यापासूनच मोकळा केला. सांग त्यांना, फार उपकार झाले."

"त्यांना माहीत नव्हतं गं."

"त्यांना कधी काय माहीत असतं? तू त्यांची बाजू घेणं सोडून दे आधी. जन्मभर होडी रेटलीस, आता त्यांनाही रेटतोयस."

मेजरांच्या बायकोनं, केझायाबाईंनी, हेच जरा सभ्य भाषेत सुनावलं. "अहो, कागद लिहिण्याआधी घरी कोणाला विचारावं, एवढंही सुचू नये का? निदान मला तरी." मेजर दोन दिवस नीट जेवले नाहीत.

वाट एकच होती. मिंगोला व्हर्जिनियात राहू द्यावं असा खास ठराव विधानसभेनं करायचा, आणि तो मांडायला परगण्याचा प्रतिनिधी हवा. त्यासाठी हिवाळ्याचं एक अधिवेशन तेवढं हातात होतं. त्यातच शरद ऋतूत जुने प्रतिनिधी वारले आणि जागा रिकामी झाली. मेजर उभे राहिले. आणि त्यांच्याविरुद्ध उभे राहिले ते नेमके ग्रिग्ज.

मेजर आधी ग्रिग्जना भेटायला गेले. व्हरांड्यात दोघं अर्धा तास एकमेकांना आधी बसायचा आग्रह करत उभेच राहिले.

"आपण निवडून आलात तर हा एक अर्ज आपण मांडावा, एवढीच विनंती," मेजर म्हणाले.

"आपला शब्द मला शिरसावंद्य," ग्रिग्ज म्हणाले, "पण मोकळे काळे मळ्यांमधून हिंडायला लागले की बाकीचे बिघडतात. आपण मला क्षमा कराल."

मेजरांनी क्षमा केली. बाहेर आल्यावर मिंगोला म्हणाले, "माणूस सरळ आहे. तोंडावर नाही म्हणाला." मिंगोला वाटलं, ह्यांना इथंच नदीत ढकलावं.

आता आमच्याकडची निवडणूक कशी व्हायची ते सांगायला हवं. कोर्टाच्या पटांगणात टेबल टाकून मध्ये शेरीफ बसायचा, दोन्ही बाजूंना दोघे उमेदवार. मतदार पुढं यायचा आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं नाव घ्यायचा. ज्याचं नाव घेतलं तो उमेदवार उठून, वाकून त्याचे आभार मानायचा. सगळ्यात शेवटी उमेदवारांची मतं. आणि तिथली रीत अशी, की सभ्य माणूस स्वतःचं नाव घेत नाही. तो प्रतिस्पर्ध्याचं नाव घेतो. ह्यानं त्याला द्यायचं, त्यानं ह्याला द्यायचं, फिट्टंफाट. स्वतःला मत देणारा माणूस म्हणजे पंगतीत स्वतःच्याच ताटात दोनदा वाढून घेणारा. कायद्यात हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण कायदा मोडलेला माणूस आमच्याकडे पुन्हा उजळमाथ्यानं हिंडायचा, रीत मोडलेला नाही.

निवडणुकीच्या आदल्या शनिवारी फीबीनं मिंगोला दारातच धरलं.

"ऐक. काल शेरीफ जेवायला होता. मी वाढत होते." शेरीफ म्हणजे ग्रिग्जचा सख्खा मेहुणा. "आमचा मालक त्याला म्हणाला, गावं मोजून झाली, मतं बरोबरीत येणार. आली तर काम झालं. मी रॅडफर्डला मत देईन, तो मला देईल, म्हणजे पुन्हा बरोबरी. आणि बरोबरी झाली की शेवटचं मत शेरीफचं. दोघं खोखो हसत होते. मी मासे वाढत होते आणि माझ्यासमोर हसत होते रे. मी म्हणजे जशी काय भिंत."

रविवारी मिंगोनं मेजरांना सगळं सांगितलं. मेजर बूट पुसत होते, ते थांबले.

"ग्रिग्ज असं करणार नाही. रीतीचा कोणी असा वापर करत नाही."

"रीत तर ते पाळतायत, साहेब. पाळूनच जिंकणार आहेत."

"मिंगो, तो सभ्य गृहस्थ आहे. स्वयंपाकघरात ऐकलेल्या गोष्टीवरून मी त्याच्यावर संशय घेऊ?"

"ती माझी बायको आहे," मिंगो म्हणाला. मेजर पुन्हा बूट पुसायला लागले. त्यांचं तोंड उतरलं होतं, पण त्यांनी पुढं काही विचारलं नाही.

निवडणुकीच्या दिवशी पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. एकीकडे मेजरांचं अख्खं डुक्कर भाजलं जात होतं, दुसरीकडे ग्रिग्जचा बैल. रमचं सरबत बादल्यांनी चाललं होतं, आणि दोन्हीकडचं पिऊन झाल्यावर आपण कोणाकडून आलो हे विसरलेले लोक होतेच. मिंगो कुंपणाला टेकून उभा होता. त्याला मत नव्हतं, तोंड उघडायची मुभा नव्हती; त्याचा संसार राहणार की मोडणार हे मात्र समोरची माणसं एकेक करून ओरडून ठरवत होती.

"रॅडफर्ड."

मेजर उठले, वाकले. "आपला आभारी आहे. आईंचा गुडघा कसा आहे?"

"ग्रिग्ज."

ग्रिग्ज उठले, वाकले.

दुपारी ग्रिग्ज पुढं होते. मग पलटणीतली माणसं आली, आणि तो सुतार इतक्या मोठ्यानं "रॅडफर्ड" असं ओरडला, की बांधलेले घोडे बिचकले. मिंगो नावं मोजत होता. बोटं संपली की पुन्हा पहिल्यापासून. ऊन कलायला लागलं, शेरीफनं आणखी कोणी आहे का म्हणून तीनदा पुकारलं. कोणी नव्हतं. कारकुनानं बेरीज वाचली. बरोबरी.

शेरीफनं ग्रिग्जकडे पाहिलं नाही, मुद्दाम आकाशाकडे पाहिलं. ग्रिग्ज उठले. वयानं मोठे म्हणून आधी त्यांचा मान.

"माझं मत," ते गोड आवाजात म्हणाले, "माझे सन्माननीय मित्र मेजर रॅडफर्ड यांना."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेजर उठले, वाकले, पण आभार मानताना त्यांची जीभ अडखळली. त्यांनी ग्रिग्जच्या तोंडाकडे पाहिलं, मग शेरीफकडे. आणि मिंगोला कळलं, ह्यांना आता पटलं.

"मेजर, आपलं मत," शेरीफ म्हणाला.

मेजर टेबलापाशी तसेच उभे राहिले. ह्या माणसाला लढाईत गोळी लागली होती, घरात दोन लेकरं गेली होती, तंबाखूचं अख्खं पीक पुरात गेलं होतं. पण लोकांच्या नजरेतून उतरायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. तेवढ्या एकाच गोष्टीला ते भीत होते. कपाळावरचा घाम गळपट्ट्यात उतरत होता. कुंपणापाशी मिंगोनं लाकूड इतकं घट्ट धरलं होतं, की तळहातात कुसळ घुसलेलं त्याला कळलं नाही. तो मनात म्हणत होता, वाकू नका. देवाची शपथ, आज वाकू नका.

"मेजर?"

"ॲम्ब्रोज रॅडफर्ड," मेजर म्हणाले.

कारकुनाला वाटलं, चुकून म्हणाले. "क्षमा करा, साहेब. आपलं नाव नव्हे, मत कोणाला ते विचारतायत."

"तेच सांगतोय. ॲम्ब्रोज रॅडफर्डला. लिहा."

मग मागून कोणीतरी म्हणालं, "आता उठून स्वतःचेच आभार माना." हशा पिकला, आणि तो चांगला हशा नव्हता. एका म्हाताऱ्या जमीनदारानं मेजरांच्या बुटांपाशी थुंकून पाठ फिरवली. ग्रिग्ज पांढरेफटक पडले होते. "साहेब, मी आपल्याला सभ्य गृहस्थ समजत होतो," ते म्हणाले. मेजर म्हणाले, "मीही," आणि खाली बसले.

मेजर दोन मतांनी निवडून आले. त्यातलं एक स्वतःचं आणि एक शत्रूचं, असं लोक पुढं कैक वर्षं सांगत राहिले. पुढचं सांगून टाकतो. मेजर रिचमंडला गेले. नेहमीसारखे घाम पुसत उभे राहिले, चार वाक्यं बोलले, दोन महिने एकेकाच्या दाराशी जाऊन बसले, आणि नाताळानंतर ठराव मंजूर झाला. मिंगो राहिला. फीबी ग्रिग्जच्याच चुलीशी राहिली, हे त्या दोघांचं दुःख कोणी मिटवलं नाही. पण दर शनिवारी दार वाजवणारा तिचा माणूस तिला राहिला. मेजरांना पुन्हा कोणी निवडून दिलं नाही. पलटणीचं कर्नलपद त्यांना मिळणार होतं, ते दुसऱ्याला गेलं. कवायतीच्या दिवशी ओकच्या झाडाखाली त्यांच्याजवळ तो सुतार आणि आणखी चारपाच जण तेवढे बसायचे. मेजरांनी लढाईची गोष्ट सांगणंही सोडून दिलं. माझ्या मते आमच्या परगण्यातून विधानसभेत ह्याच्याइतका मोठा माणूस गेला नाही, आणि ज्यांना पटत नसेल त्यांनी खुशाल ग्रिग्जच्या गोष्टी सांगाव्यात.

पण त्या दिवशी संध्याकाळी घरी परतताना काय झालं, ते सांगायचं राहिलं. मेजरांनी घोडा सामानाच्या गाडीमागे बांधला आणि ते गाडी हाकणाऱ्या मिंगोच्या शेजारी बसले. वाटेत लोक भेटत होते. एरवी मेजर दर दहा पावलांवर थांबायचे, आज कोणी थांबवलं नाही. दोघातिघांनी ओळखून तोंड फिरवलं. ओढा ओलांडल्यावर मेजर मिंगोकडे वळले.

"फार वाईट दिसलं का रे?" त्यांनी विचारलं.

"दिसलं, साहेब."

"हं." मेजरांनी बराच वेळ गळपट्टा चाचपला. "वडील असते तर त्यांनी मला घरात घेतलं नसतं. जन्मात एवढा खाली गेलो नव्हतो. रीत मोडली म्हणजे शब्दच मोडला, मिंगो. सभ्य माणसानं दिलेला शब्द मोडला मी आज, सगळ्यांसमोर."

मिंगोनं लगाम ओढला. गाडी थांबली. तळहात ठणकत होता, आणि छातीत इतक्या वर्षांचं जे साठलं होतं ते वर येत होतं. त्याला ह्या माणसाची कीव येत होती, राग येत होता, आणि त्याच्यावर मायाही होती, हे त्याला त्या क्षणी पक्कं कळलं.

"शब्द तुम्ही तीस वर्षं मोडत होतात, साहेब," तो म्हणाला. "दर वसंतात, सगळ्यांसमोर, माझ्यादेखत. तेव्हा कोणी थुंकलं नाही. आज तुम्ही तो पाळलात."

मेजर त्याच्याकडे बघत राहिले. आणि मग पन्नाशीला आलेला तो माणूस, पलटणीचा मेजर, परगण्याचा नवा प्रतिनिधी, भर रस्त्यात गाडीवर बसून दोन्ही हातांत तोंड घालून रडायला लागला. समोरून गिरणीवाल्याची गाडी येत होती. मेजरांना ती दिसली, तरी त्यांनी डोळे पुसले नाहीत.